धान्याच्या रांगेत प्रार्थना नको

प्रिय पोरी,

सलाम.

तुझं पत्र पोचलं. मेळघाटात धारणीला रुजू व्हायचं पक्कं झालं, घरच्यांनीही हो-नाही करत का होईना परवानगी दिली, हे वाचून बरं वाटलं. एमएसडब्ल्यू करून नगरच्या मिशन कंपाउंडात हजेरीपट भरत बसली असतीस तर मला हळहळ वाटली असती. तीन पानं तू खोली, पगार आणि मिशनच्या जीपबद्दल लिहिलीस आणि सही करता करता एक ओळ घातलीस: पावसाळ्यात कोरकू आदिवासींच्या गावांत धान्याचे किट वाटायचं काम माझ्याकडे आहे, तर धान्य देताना प्रभूचं नाव घ्यायचं की नाही? खोलीचं आणि जीपचं तुझं तू बघशील. मी त्या एका ओळीलाच उत्तर देते, आणि ते लांबणार आहे.

रांगेत घ्यायचं नाही. धान्य द्यायच्या आधी नाही, देताना नाही, दिल्यावर लगेच नाही. तुमचे पाळकसाहेब म्हणतील, नुसती दोन मिनिटांची आभाराची प्रार्थना, त्यात काय बिघडतं? तिथेच बिघडतं. तांदळाची पिशवी समोर ठेवून तू "डोळे मिटा" म्हणालीस की समोरची बाई डोळे मिटणारच. उद्या दुसऱ्या कुणी तीच पिशवी ठेवून सत्यनारायणाला बसवलं तर तिथेही बसेल. घरात पोरं उपाशी असताना तिला "नको" म्हणायची सोयच नाही, आणि जिला नको म्हणता येत नाही तिच्या होकाराला काय अर्थ?

आपल्याच जिल्ह्यातल्या एका दुष्काळी गावात मी हे पाहिलंय. आपल्या मंडळीने, म्हणजे चर्चने, तेल आणि डाळ वाटायला काढली होती. शाळेच्या ओट्यावर टेबल, टेबलामागे आम्ही, आणि समोर उन्हात बायका एकामागे एक. वाटप सुरू करण्याआधी एका उत्साही प्रचारकाने पेटी काढून भजन धरलं. रांगेत एक म्हातारी होती. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, घरात वारी असणार हे दुरून कळावं अशी. तिला कुणी काही म्हणालं नव्हतं. टेबल चार माणसांवर आलं तसा तिने पदर गळ्याभोवती लपेटला आणि माळ आत सारली. मग त्याच पदराच्या टोकाने कपाळ पुसलं. डाळ घेतली, तेलाची पिशवी घेतली, दोन्ही हात जोडून आम्हाला आपल्या ख्रिस्ती पद्धतीने "सलाम" म्हणाली आणि गेली. प्रचारक खूश झाला. म्हणाला, बघा, वचनाचा परिणाम. मी त्याच्याशी वाद घातला तो पुढे बरेच दिवस चालला, पण ते असो. ती डाळ आम्ही फुकट दिली नव्हती, एवढंच मला तेव्हा दिसलं.

हे काही हल्लीचं खूळ नाही. बायबलमधला योहानाचा सहावा अध्याय काढून पुन्हा वाच. रविवारच्या शाळेत आपण पाच भाकरी आणि दोन मासळ्यांपाशी थांबतो, मुलांना टोपल्या रंगवायला देतो आणि घरी पाठवतो. पुढची गोष्ट अवघड आहे. पोट भरलेले लोक येशूला धरून राजा करायला निघाले, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला. दुसऱ्या दिवशी ते सरोवर ओलांडून शोधत आले, तर त्याने तोंडावर सांगितलं की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधताय. मग तो जे बोलला ते कित्येकांना झेपलं नाही, ते उठून गेले, आणि त्याने त्यांना जाऊ दिलं. जेवायला बसवताना कुणाचा विश्वास विचारला नव्हता, आणि सोडून जाणाऱ्यांकडे जेवणाचा हिशेब मागितला नाही.

मिशनच्या इतिहासात हे ज्यांना कळलं अशी माणसं आहेत. तेलुगू मुलखात ओंगोलला जॉन क्लफ नावाचे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सरकारने बकिंगहॅम कालव्याचं काम काढलं, त्यातल्या साडेतीन मैलांचं कंत्राट क्लफसाहेबांनी स्वतः घेतलं आणि उपाशी लोकांना कामावर लावलं. त्यात बरेचसे चामड्याचं काम करणारे मादिगा. हाताला काम, वेळेवर मजुरी, मुकादमाची शिवी नाही. साहजिकच माणसं बाप्तिस्मा मागू लागली. क्लफसाहेबांनी बाप्तिस्मेच बंद केले. मदतकार्य चालू आहे तोवर एकाचाही नाही. वर्षभराहून जास्त काळ हे चाललं. १८७८ मध्ये मदत संपली आणि आता द्यायला काही नाही हे सगळ्यांना कळलं, त्यानंतर त्यांनी दार उघडलं. ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. मिशनच्या लिखाणात हा आकडा फार मिरवला गेला. मला त्याच्या आधीचं बंद दार जास्त मोलाचं वाटतं, आणि त्याचं कौतुक कुणी फारसं करत नाही. अर्थात एवढं करूनही "दुष्काळाने माणसं आणली" म्हणणारे राहिलेच. तेव्हा संशय टळेल या आशेने तू काही करू नकोस. त्या बाईला नको म्हणता यावं म्हणून कर.

आपल्या नगरकडे "भाकरीसाठी बाटले" हा टोमणा तूही शाळेत ऐकला असशील. १८३१ पासून नगरला अमेरिकन मराठी मिशन आहे, आणि आपले पणजे-खापरपणजे बहुतेक महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आलेले. गावाने त्यांना मेलेली ढोरं ओढायला दिली आणि पाणवठ्यावर येऊ दिलं नाही. मिशनने पाटी-पेन्सिल दिली, नावामागे "राव" लावलं, आणि हो, दुष्काळात भाकरीही दिली. त्यांनी ती खाल्ली याची मला काडीचीही लाज वाटत नाही. पण तो टोमणा चार पिढ्या पुरला, आणि धान्याच्या रांगेत धरलेलं प्रत्येक भजन त्याला आणखी एक पिढी पुरवतं.

पंडिता रमाबाईंचंच बघ. मी त्यांच्या बाजूची आहे हे तुला सांगायला नको. ज्या बाईने स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गमावली, ती १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातमधून उपाशी मुली गोळा करून केडगावला आणते, त्यांच्यासाठी विहिरी खोदते, शेती करते, तेलघाणा, विणकाम आणि छापखाना उभा करते. असं दुसरं उदाहरण मला त्या काळात तरी दिसत नाही. पण त्याआधी, १८९३ मध्ये, पुण्याच्या शारदा सदन या त्यांच्या निवासी शाळेत जे वादळ उठलं ते धान्याचंही नव्हतं. रमाबाईंच्या खोलीचं दार प्रार्थनेच्या वेळी उघडं असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत, एवढंच. रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. केसरीने झोड उठवली त्यात द्वेष होता हे मान्य. तरीही एक प्रश्न उरतोच: ज्या घरात आपण जेवतो, त्या घरच्या बाईच्या प्रार्थनेला आपण "आपणहून" बसलो, हे त्या मुलीला स्वतःला तरी नक्की कसं कळावं?

आणि कधी कधी तुमचे हात कितीही स्वच्छ असले तरी दगड येतात, हेही धरून चाल. मनमाडला फादर विसेंते फेरर शेतकऱ्यांच्या विहिरींसाठी राबत होते. १९६८ मध्ये त्यांना देश सोडायला लावलं, तेव्हा त्यांच्यासाठी हजारो शेतकरी मुंबईपर्यंत चालत गेले. ते परत आले आणि आंध्रात अनंतपूरला पुढची चाळीस वर्षं राहिले, तिथेच २००९ मध्ये वारले. मोर्चात चालणारे बहुतेक हिंदू होते. तुला प्रमाणपत्र हवंच असेल तर ते असं मिळतं, आणि ते मागून मिळत नाही.

आता पाळकसाहेबांचा दुसरा मुद्दा. ते गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय काढतील: सर्वांचं बरं करावं, विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं. म्हणून यादीत मंडळीची कुटुंबं आधी. हा मुद्दा तू हसण्यावारी नेऊ नकोस, कारण तो खोटा नाही. मंडळीतल्या विधवेला मंडळीने सांभाळायलाच हवं. त्यासाठी रविवारच्या दानातून गरीब फंड असतो, त्यातून द्या, चर्चमध्ये द्या, नाव घेऊन द्या. पण दुष्काळ-पावसाळ्याच्या नावाने जे धान्य बाहेरून आलं, ते गावाच्या भुकेसाठी आलंय. दोन्हींची वही वेगळी ठेव, शक्य झालं तर वाटपाचा दिवसही वेगळा ठेव. आठ घरांच्या गल्लीत तीन ख्रिस्ती घरांतच पिशवी गेली तर उरलेल्या पाच घरांशी त्या तिघांचं वर्षभर काय होतं, हे मिशनला कळत नाही. पाण्यावरून भांडणं होतात. होळीची वर्गणी नाकारली म्हणून जुना राग असतो, त्यात ही पिशवी. कोरकूंची होळी म्हणजे आपला नाताळ धर. त्या आठवड्यात तिथे वाटपही ठेवू नकोस आणि उपदेशही.

मग प्रभूचं नाव घ्यायचं कधी, असं तू विचारशील. रिकाम्या हाताने जाशील तेव्हा. वाटप झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी त्याच गावात पिशवीशिवाय जा. अंगणात बस, मोहाची वाळवलेली फुलं दिसली तर त्यांच्याबद्दल विचार, पेरणीचं विचार. कुणी विचारलंच की बाई तुम्ही हे का करता, तर आडपडदा न ठेवता सांग. लपवाछपवी करणारा ख्रिस्ती मला प्रचारक ख्रिस्त्यापेक्षाही नकोसा वाटतो. आणि आजारी लेकरू मांडीवर घेऊन एखादी आई स्वतःच म्हणाली, प्रार्थना करा, तर कर, मनापासून कर. पण त्याआधी त्या लेकराला दवाखान्यात न्यायची गाडी बोलाव. रिकाम्या हाताने गेल्यावर तुला कुणी चहा विचारला नाही, ओटीवरून आत बोलावलं नाही, तर त्यावरून पिशवीच्या दिवशीच्या नमस्कारांची किंमत तुझी तूच ठरव.

एवढं झाल्यावर धान्याबद्दल बोलू. खरं तर मला यातच जास्त रस आहे.

१९७२ ला मी शाळेत होते. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आम्ही खाल्लेली आहे. तिची भाकरी थापताना चिरायची, गार झाली की वहाणेसारखी व्हायची, आणि आई म्हणायची, गिळ, विचार करू नकोस. दुष्काळी कामावर आणि शाळेत सुकडी मिळायची, ती मात्र गोड लागायची. आम्ही खिशात भरून आणायचो. त्याहीआधी, १९०० च्या दुष्काळात, न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने वर्गणी काढून जहाजभर मका मुंबईला धाडला होता. देणाऱ्याकडे जे असतं ते तो देतो, आणि खाणाऱ्याला काय लागतं हे कुणी विचारत नाही. किटमध्ये काय असावं हे तू नागपूरच्या ऑफिसला ठरवू देऊ नकोस. धारणीतल्या चार बायकांना विचार. ज्वारी की तांदूळ, कुठली डाळ, तेल किती. मी सांगेन ते एवढंच: तयार पीठ नको, पावसाळ्यात त्याला जाळी धरते. बिस्किटं आणि नूडल्स नकोत, दाता कितीही प्रेमाने देत असला तरी. तेल, डाळ, शेंगदाणे, गूळ आणि मीठ असू दे, कारण तांदूळ-गहू रेशनवर मिळू शकतो, बाकीचं नाही. पिशवी एका बाईला डोक्यावर घेऊन डोंगर चढता येईल एवढीच. माल धारणीच्या बाजारातून घे, दोन पैसे जास्त पडले तरी. तोच दुकानदार त्यांना अडीअडचणीला उधार देतो, त्याचं गिऱ्हाईक तू तोडू नकोस. आणि पिशवीवर काही छापू नकोस. क्रूस नको, वचन नको, मिशनचं नावही नको. ती पिशवी पुढे दोन वर्षं त्या घरात मिरच्या ठेवायला वापरतात, आणि येणारा-जाणारा तिच्यावरून ते घर कुणाचं ते ठरवतो.

रेशन म्हणाले, त्यावरून. तू गावात पोचलीस की किटची यादी करण्याआधी रेशन कार्डांची यादी कर. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळायला हवं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या घराचं नाव कार्डावर नीट चढलं तर महिन्याला २५ किलो, वर्षाला ३ क्विंटल. तुझं मिशन जीव काढून एका घराला वर्षाला किती देईल? तीन पिशव्या? सून लग्न होऊन आली तिचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं नाही, पोराचं आधार नाही, म्हाताऱ्याचा अंगठा पॉस मशीनवर उमटत नाही, ई-केवायसी राहिलं म्हणून नाव गळलं. गावागावात हेच सापडेल. तहसीलच्या पुरवठा शाखेत खेटे घालायला शिक. कागदांची झेरॉक्स, अर्जाची पोच, पुन्हा पंधरा दिवसांनी चक्कर. दुकानदार "वरून आलंच नाही" म्हणाला तर त्या महिन्याची नोंद मागून बघ. या कामाचा फोटो निघत नाही, म्हणून कुणी करत नाही. आणि यात एक मोठी सोय आहे बघ: कार्डावर मिळालेल्या धान्याबद्दल त्या बाईला कुणापुढेच मान खाली घालावी लागत नाही. ना तुझ्यापुढे, ना प्रभूच्या नावापुढे.

डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० ला जामखेडला आले तेव्हा हे दोन शिकलेले ख्रिस्ती डॉक्टर गावागावात हिंडत होते, आणि लोक म्हणत होते की औषधाचं नंतर बघू, आधी पाणी आणि अन्न. त्यांनी ऐकलं. बाहेरून धान्य आणलं, पण शिजवणं, वाढणं आणि कुणाचं पोर अशक्त आहे ते ठरवणं गावाकडे दिलं. बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी बाकीच्या गावाने तिकडे यावं. ज्या बायकांना अक्षर येत नव्हतं त्यांना आरोग्यसेविका केलं. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला तो यासाठी. त्यांनी आपला विश्वास कुणापासून लपवला नाही, आणि कुणाच्या ताटावर तो वाढलाही नाही. जामखेड तुझ्या घरापासून दोन-तीन तासांवर. धारणीला जायच्या आधी आठ दिवस तिथे राहून ये, हा सल्ला नाही, हुकूम समज. फादर बाखरांचं संगमनेरकडचं दरेवाडीही बघून ये. स्वित्झर्लंडचा हा जेझुइट बाबा नगरच्या दुष्काळात धान्य वाटण्यापाशी थांबला नाही, डोंगरावर चर खणण्याकडे वळला. मेळघाटात पाऊस मुबलक आहे, तिथलं दुखणं निराळं. पण वाटपाच्या पुढे माणूस कसा विचार करतो ते तिथे दिसतं.

मेळघाटचं दुखणं म्हणजे जुलै ते सप्टेंबर. घरातलं धान्य संपलेलं, नवं पीक शेतात, मजुरी नाही, आई दिवसभर रानात निंदायला, लहानगं मोठ्या बहिणीच्या कडेवर. त्यात जुलाब आणि ताप. वर्तमानपत्रात बालमृत्यूच्या बातम्या याच महिन्यांत येतात. तेव्हा तुझा संबंध सगळ्यात आधी अंगणवाडी सेविकेशी यायला हवा. तिच्याशी स्पर्धा करू नकोस. गरोदर आणि बाळंतीण बाईला अमृत आहार योजनेत एक वेळचं जेवण मिळतं, पोरांना अंगणवाडीत आहार आहे. ते येत नसेल तर का येत नाही ते तिच्याकडूनच कळेल. बहुतेक वेळा तिचंच मानधन थकलेलं असतं. दंडाचा घेर मोजायची पट्टी जवळ ठेव. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला, किंवा दोन्ही पायांवर दाबल्यावर खळगा पडणारी सूज दिसली, तर तुझी पिशवी तिथे कामाची नाही. अशा पोराला एकदम भरपूर खाऊ घातलं तर ते दगावू शकतं. त्याला ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं, आणि आई जायला तयार होत नसेल तर मागे घरी बाकीच्या पोरांचं कोण करणार, एवढंच आधी विचार. बहुधा तिथेच अडलेलं असतं. किट द्यायचंच असेल तर तेव्हा दे, मागे राहिलेल्या घराला.

आणि दूध पावडर. मुंबईची एखादी मंडळी हमखास पेट्या भरून देईल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ती एकाही घरी जाऊ देऊ नकोस. बाटली धुवायला उकळतं पाणी नाही, पुरवायची म्हणून पातळ करतात, आईचं दूध आटतं, आणि जुलाबात बाळ जातं. शिवाय १९९२ च्या कायद्याने ती अशी वाटायला बंदी आहे. पेटी आलीच तर परत पाठव. देणाऱ्याला राग येईल, येऊ दे.

भुमका म्हणजे तिथला मांत्रिक-वैदू, त्याच्याशीही वैर नको. गावात पोर आजारी पडलं की आधी त्याला दाखवतात. पोटावर तापल्या सळईचे डाग देतात, डंबा म्हणतात त्याला, ते बघून तुझं रक्त उसळेल. उसळू दे, पण त्याला सैतानाचा माणूस वगैरे म्हणू नकोस. आपल्यातले काही म्हणतात. तो उद्या "हिला दवाखान्यात न्या" म्हणाला तर तुझ्या दहा भेटींपेक्षा लवकर काम होतं.

कायद्याचं थोडक्यात, कारण तू पगारी माणूस आहेस आणि अडचण आली तर सही तुझी असते. धारणीच्या पलीकडे मध्य प्रदेश. तिथे १९६८ पासून धर्मांतराचा कायदा आहे, २०२१ मध्ये तो नव्याने आणि जास्त कडक झाला, आणि प्रलोभनात भेटवस्तू आणि वस्तुरूप फायदा दोन्ही धरतात. नातेवाईक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, म्हणून जीपमध्ये किट आणि पुस्तिका एकत्र कधीही नेऊ नकोस. कोरकू अनुसूचित जमातीतले. ख्रिस्ती झाले तरी आज त्यांचा दाखला जात नाही, पण तो काढून घ्या अशी मागणी करणारे मोर्चे निघतात. तिथे बौद्ध आणि इतर दलित घरंही आहेत. अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला तर १९५० च्या आदेशामुळे त्याचा दाखला जातो. म्हणजे तुझ्या पिशवीपायी ज्याने धर्म बदलला, त्याच्या पोराची शिष्यवृत्ती जाऊ शकते, आणि हे त्याला तेव्हा कुणी सांगितलेलं नसतं.

पैशाचं एकच. कॉलेजमधल्या मैत्रिणी परदेशात आहेत, त्या प्रेमाने म्हणतील, तुझ्या खात्यावर टाकते. नाही म्हण. परदेशी देणगी फक्त नोंदणी असलेल्या संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यात येते, आणि २०२० नंतर एका संस्थेला ती दुसरीकडे वळवताही येत नाही. मग येतो फोटोचा प्रश्न. दात्याला फोटो लागतो, ऑफिस तुझ्या मागे लागेल: पिशवी हातात देतानाचा, चेहरा दिसेल असा, पोर रडत असेल तर उत्तमच. मी माझ्या समितीत भांडून हे बंद केलं होतं. पिशव्यांच्या थप्पीचा काढा, खरेदीच्या पावतीचा काढा, यादीवरच्या अंगठ्यांचा काढा नावं झाकून. घेणाऱ्या हाताचा नको. नवा बॅनरही नको. ऑफिसने फारच धरलं तर त्यांना म्हण, आधी तुमच्या आईचा रेशनच्या रांगेतला फोटो पाठवा, मग बघू. माझं नाव सांग, मला ओळखतात.

सिपना नदी चढली की आतली गावं तुटतात, म्हणून धान्य जूनच्या पहिल्या आठवड्यात आत पोचलं पाहिजे. कुणाच्या घरी ठेवायचं ते पाळकसाहेबांनी ठरवू नये. शाळेची खोली किंवा अंगणवाडी मिळते का ते सरपंचाला आणि सेविकेला विचार, किल्ली गावातल्याच दोन बायकांकडे दे. जमिनीवर पोती लावू नकोस, खाली फळ्या घाल. कार्डांची यादी आणि किटची यादी, दोन्ही मला मेच्या अखेरीस पाठव. डाळीचा भाव लिहायला विसरू नकोस, गेल्या वेळी तुमच्या ऑफिसने फार चढा लावला होता.

तुझी,
मावशी